कारणाचा रकाना

रविवारी संध्याकाळी ताईकडं गेलो होतो विडी घरकुलात, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, चहा घेऊन तासाभरात परत यायचं असं ठरवूनच निघालेलो, पण चप्पल काढायच्या आत भाचीनं वही पुढं केली. "मामा, मी कधीपास्नं बघायलीय, उत्तर जुळंना झालंय." नववीत आहे ती. तीनदा सोडवलेलं, तिन्ही वेळा उत्तर उणे दोन, आणि पुस्तकाच्या मागं उत्तर दिलंय चार.

गणित असं होतं: ७ − २(क्ष − ३) = ५. पुस्तकात आता क्ष नसतो, एक्स असतो, पण माझ्या हाताला क्षच येतो म्हणून इथंही तोच लिहितो.

तिनं कंस सोडवला आणि लिहिलं ७ − २क्ष − ६ = ५. बाकी सगळं बरोबर, अक्षर पण छान, पायऱ्या एकाखाली एक. चूक कुठं आहे ते मला बघताक्षणी कळलं आणि "अगं उणे गुणिले उणे अधिक" एवढं म्हणून मी चहाकडं वळू शकलो असतो. नाही म्हणलो. त्याचं कारण जुनं आहे, पुढं सांगतो.

आधी विचारलं, ताळा घेतलास का? ती म्हणली उत्तर चुकलंय हे माहितीच आहे की, मग ताळा कशाला. म्हणलं घे तरी. क्ष च्या जागी उणे दोन ठेवले, कंसात झाले उणे पाच, उणे दोन गुणिले उणे पाच म्हणजे अधिक दहा, सात आणि दहा सतरा. पाहिजेत पाच, आले सतरा. आता गंमत बघा, या ताळ्यात तिनं उणे उणे अधिक बरोबर केलं, एका क्षणात, काही न विचारता. म्हणजे नियम पाठ होता तिला. वर कंस सोडवताना मात्र तो तिच्या कामी आला नाही, कारण तिथं ते दोनच्या आधीचं उणे हे दोनचं आहे आणि ते तीनपर्यंत पोचतं हे तिला दिसलंच नव्हतं. पाठ असणं आणि दिसणं यात एवढं अंतर असतं, आणि मार्क नेमके याच अंतरात जातात पोरांचे.

मग मी म्हणलं, खिशात सात रुपये आहेत. दोन पेन्सिली घेतल्या. एकीची छापील किंमत क्ष, पण दुकानदार प्रत्येकीवर तीन रुपये सूट देतो. खिशात उरले पाच. आता तू घाईत पूर्ण किमतीचे पैसे कापलेस, सातातून २क्ष वजा केलेस, तर दुकानदाराला किती जास्त गेले? ती म्हणली सहा. मग ते सहा अजून वजा करणार का परत घेणार? काहीच बोलली नाही, पेन्सिल उचलली आणि उणे सहाची उभी रेघ मारून अधिक सहा केलं. पुढचं तिनंच केलं. क्ष बरोबर चार. ताळा जुळला.

हे मी एवढ्या बारकाईनं सांगतोय कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवीत असताना वर्गात फळ्यावर समीकरण चाललेलं, सर म्हणले सात पलीकडं नेला की उणे सात होतो. मी हात वर केला आणि विचारलं, सर का होतो? खरंच कळलं नव्हतं म्हणून विचारलेलं. सर म्हणले नियम आहे, लिही. मागं दोघं-तिघं हसले. सरांनी मारलं नाही, रागावले पण नाहीत, नुसतं लिही म्हणले आणि पुढं गेले. पण त्या दिवसापासून दहावीपर्यंत मी गणिताच्या तासाला एकदाही हात वर केला नाही. प्रमेयं पाठ केली, अक्षरशः स्तोत्र पाठ करतात तशी, आकृतीतली अक्षरं बदलली की अडायचं. दहावीला १५० पैकी ६८ पडले. अण्णांनी मार्कलिस्ट बघितली, घडी घालून खिशात ठेवली, काही बोलले नाहीत. मी कॉमर्सला गेलो, आता टॉवेल-चादरीच्या एका पेढीवर हिशोब लिहितो, आणि गणित मला परत भेटलं ते तिशीनंतर, रात्री, स्वतःच्या हौसेनं, बालभारतीची जुनी पुस्तकं घेऊन पहिल्यापासून.

तेव्हा मला कळलं की पलीकडं काहीच जात नाही. सात उडी मारून जात नाही आणि उडी मारताना त्याचं चिन्हही बदलत नाही. आपण दोन्ही बाजूंतून सात काढतो, एवढंच. एका बाजूचा सात संपतो आणि दुसऱ्या बाजूला उणे सात लिहिलेला दिसतो, म्हणून गेल्यासारखा वाटतो. या एका वाक्यासाठी मी वीस वर्षं थांबलो.

भाचीला मी तराजू काढून दाखवला. एका पारड्यात शेंगा चटणीच्या पाच सारख्या पुड्या आणि ७०० ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात तीन पुड्या आणि १२०० ग्रॅम, काटा मधोमध. पुडीचं वजन किती? दोन्हीकडच्या तीन-तीन पुड्या उचल, काटा हलणार नाही. दोन्हीकडचे सातशे-सातशे उचल, तरी हलणार नाही. उरल्या इकडं दोन पुड्या, तिकडं ५००. पुडी अडीचशेची. हेच ५क्ष + ७०० = ३क्ष + १२००. तिनं वहीत पायऱ्या लिहिल्या आणि प्रत्येक पायरीपुढं मी तिला एक शब्द लिहायला लावला, दोन्हीकडून काय केलं तो. काढले, काढले, भागिले. ती म्हणली मामा, हे तर भूमितीसारखं झालं, विधान आणि कारण. मला इतकं बरं वाटलं तिनं हे स्वतःहून म्हणल्यावर.

नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिज्मी म्हणून एक विद्वान होऊन गेला, साधारण ८२० च्या सुमाराला त्यानं समीकरणं सोडवायची रीत लिहिली, आणि त्यातल्या अल्-जब्र या शब्दावरूनच इंग्रजीतलं अल्जिब्रा आलं. अल्-जब्र म्हणजे तुटलेलं सांधणं, उणं असलेलं भरून काढणं. स्पेनमध्ये तर हाड बसवणाऱ्या वैद्यालाही याच शब्दावरून नाव पडलं होतं. आपण ज्याला पक्षांतर, म्हणजे संख्या पलीकडं नेणं, म्हणतो आणि पोरांना उडीसारखं शिकवतो ते मुळात हाड बसवणं आहे. एका बाजूला काही कमी आहे, ते भरा, आणि समतोल राहावा म्हणून दुसरीकडंही तेवढंच घाला. नावातच कारण होतं, आपण नाव घेतलं आणि कारण सोडलं.

आणि ते बरोबरचं चिन्ह. ते १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या माणसानं पहिल्यांदा छापलं, पेशानं डॉक्टर. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघाच का, तर त्याचं म्हणणं असं की या दोघींपेक्षा जास्त सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. म्हणजे बीजगणिताच्या प्रत्येक ओळीत मधोमध भूमितीतली एक आकृती बसलेली आहे आणि आपण रोज ती काढतो. भाचीला सांगितलं तर तिनं पट्टी घेऊन एक मोठं बरोबरचं चिन्ह काढलं आणि दोन्ही रेघा मोजल्या, साडेतीन, साडेतीन.

एवढ्यात ताई बाहेर आली. ती घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे. पुढचं गणित दोन चलांचं होतं, मला वाटलं पुस्तकातल्यापेक्षा घरातलंच घ्यावं, म्हणून मी बनवलं: समज मोठ्या टॉवेलला तीन रुपये, लहानाला दोन, एकूण तीस नग शिवले आणि मजुरी झाली ७४, तर मोठे किती आणि लहान किती? भाचीनं मोठे क्ष, लहान य असं लिहायला सुरुवात केली. ताई ओट्याजवळ उभ्या उभ्या भाकरीचं पीठ मळत होती, म्हणली चौदा मोठे.

भाचीनं मान वर केली. "आई, तुला कसं कळलं ओ?"

ताई म्हणली, "कसं म्हणजे? सगळे लहान धरले तर तीस दुणे साठ. वर चौदा आले. ते कुठनं आले? मोठ्याला एक रुपया जास्त, म्हणजे चौदा मोठे. रोजच करते की मी हे, त्यात काय."

मी वहीत लिहिलं. क्ष + य = ३०. ३क्ष + २य = ७४. पहिल्याला दोननं गुणलं, २क्ष + २य = ६०, म्हणजे सगळे लहान धरले. वजा केलं. क्ष = १४. ताईचं वाक्य आणि वहीतली ओळ समोरासमोर ठेवली तर शब्दाला शब्द लागत होता. सगळे लहान धरले म्हणजे दोननं गुणलं, वर आले म्हणजे वजाबाकी. भाची कितीतरी वेळ वहीकडं आणि आईच्या हाताकडं आलटून पालटून बघत होती. आठवीनंतर शाळा सुटली ताईची, अण्णांची तब्येत बिघडली त्या वर्षी. तिच्या हिशोबाला गणित म्हणतात हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी पण नव्हतं सांगितलं, याचं मला वाईट वाटलं.

काहीतरी धरून चालायची ही रीत आपल्याकडं फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत इष्टकर्म म्हणून येते, मनाला येईल ती संख्या धरा, हिशोब करा, आलेल्या आणि दिलेल्याच्या प्रमाणात दुरुस्त करा. आणि आपले हे जुने गणिती अज्ञात संख्यांना काय म्हणायचे? पहिलीला यावत्तावत्, म्हणजे जितकी तितकी. दुसरीला कालक, तिसरीला नीलक, मग पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. क्ष आणि य च्या जागी रंग! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो, कारण मला अण्णा आठवले.

अण्णा जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, डिझाईन काढायचे. आलेखाचा मोठा कागद, चौकटीच चौकटी, आणि त्यात रंग. आडव्या एका ओळीचं एक कार्ड. चौकट भरलेली असेल तर कार्डात भोक, भोक असलं की तो ताण्याचा धागा वर उचलला जाणार, नसलं की खाली राहणार. चादरीवरचा मोर, कमळ, काठावरची नक्षी, सगळं असं एकेक ओळीनं आधी कागदावर व्हायचं, मग कार्डावर, मग मागावर. आणि एक चौकट चुकली तर ती चूक एकदा दिसत नाही, नक्षी जितक्यांदा उठते तितक्यांदा दिसते, चादरभर. म्हणून अण्णा कार्ड पाडायला देण्याआधी रात्री बल्बखाली कागद पसरायचे आणि ओळीवर बोट ठेवून पुटपुटायचे, वर, वर, खाली, वर, खाली, खाली. मी शेजारी गोधडीत पडून ऐकायचो, झोप लागायची त्यातच. एखाद्या चौकटीशी बोट थांबलं की ते दोन ओळी मागं जायचे आणि परत सुरू करायचे. कुठं कशी भरलीय ते विचारलं की कारण असायचंच त्यांच्याकडं, इथं धागा फार लांब मोकळा राहील, इथं काठाला बसणार नाही. उगाच भरलेली एकही चौकट नसायची.

असो. भूमितीवर येतो, कारण खरा वेळ तिथं गेला.

सिद्ध करायचं होतं की समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत असतो. भाचीनं आकृती काढली, अ ब क ड, आणि म्हणली दिसतोच की आयत. मी म्हणलं तू काढलाच आयत, दिसणारच. मुद्दाम तिला तिरका काढायला लावला, कललेला. आता? म्हणली आता नाही दिसत. मग आता सिद्ध कर. हे थोडं कठीण वाटतं पोरांना, की आकृती चुकीची असली तरी सिद्धता बरोबर असू शकते आणि आकृती सुंदर असून सिद्धता नसू शकते, पण भूमितीचं सगळं बळ त्यातच आहे असं मला वाटतं. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं नाही, डोळ्यानं अंदाज घ्यायचा, पण रकान्यात "दिसतंय" असं कारण लिहिता येत नाही.

पक्ष, म्हणजे जे दिलेलं आहे ते, लिहिला: समांतरभुज चौकोन अबकड, कर्ण अक आणि बड समान. साध्य: आयत. मग दोन त्रिकोण शोधायचे. इथं ती बराच वेळ अडली. कर्णांनी चार छोटे त्रिकोण पडतात, तिची नजर त्यांच्यातच फिरत होती. मी काही बोललो नाही, हे फार अवघड असतं, तोंड बंद ठेवणं, समोर पोर अडलंय आणि आपल्याला माहितीय. पाचेक मिनिटांनी तिनं दोन रंगाच्या पेन्सिली घेतल्या आणि एकमेकांवर चढलेले दोन मोठे त्रिकोण गिरवले, अबक आणि डकब. बाजू अब आणि डक, समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा म्हणून समान. बाजू बक सामाईक. अक आणि डब समान, पक्ष. बाबाबा कसोटी, त्रिकोण एकरूप. म्हणून कोन अबक आणि कोन डकब समान.

आणि मग नळाला पाणी आलं. सोलापुरात राहणाऱ्यांना सांगायला नको, चार-पाच दिवसांनी पाणी आलं की घरात कुणी बसून राहत नाही. वही तशीच उघडी टाकून भाची उठली, मी पण उठलो, पिंप, बादल्या, कळशा, पातेली सुद्धा. तास गेला. सगळे भिजलेले. मला वाटलं आता राहील उद्यावर. तर ही ओल्या हातानं येऊन वहीसमोर उभी, हात फ्रॉकला पुसत, आणि म्हणली, "मामा, ते दोन कोन आंतरकोन आहेत ना? बेरीज एकशे ऐंशी. आणि दोन्ही सारखे. म्हणजे नव्वद नव्वद!" बादली भरताना डोक्यात चालूच होतं तिच्या. बसून लिहिलं, शेवटच्या ओळीपुढं कारणाच्या रकान्यात लिहिलं, एक कोन काटकोन असलेला समांतरभुज चौकोन.

मी खूश होऊन तिला सांगितलं की सुतार खिडकीची चौकट काटकोनात आहे का हे असंच बघतो, टेपनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजतो, मग दुसरे दोन कोपरे, दोन्ही मापं जुळली की चौकट बरोबर. आपलंच प्रमेय. ती ऐकत होती, पण चेहरा काही खुलला नाही. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढायला लागली. खाली लांब रेघ, वर त्याला समांतर छोटी रेघ, दोन्ही टोकं सारख्या उताराच्या रेघांनी जोडलेली. समद्विभुज समलंब चौकोन. कर्ण काढले, पट्टी लावली.

"मामा, हे बघ. दोन्ही कर्ण सहा-सहा. पण हा आयत नाही. मग सुतार नुसते कर्ण मोजून कसं काय म्हणतो ओ बरोबर आहे म्हणून?"

मी बघतच राहिलो. तिचं खरं होतं. कर्ण समान एवढ्यानं आयत होत नाही, आधी समांतरभुज असायला लागतो, पक्षात तो शब्द उगाच नाहीये, आणि मी सुताराची गोष्ट सांगताना तो शब्दच गाळला होता. आठवीतला मी अशा वेळी गप्प बसला असता. तिनं विचारलं. मी म्हणलं मला आत्ता सांगता येणार नाही, उद्या विचारून येतो.

सोमवारी पेढीवर जाताना वाटेत अशोक चौकाच्या अलीकडं एक सुताराचं दुकान लागतं, तिथं थांबलो. ते चहा पीत होते. विचारलं, मिस्त्री, चौकटीचे कर्ण मोजता तेव्हा बाजू पण मोजता का? ते माझ्याकडं बघून म्हणले, "बाजू कशाला परत मोजायच्या साहेब? समोरासमोरच्या पट्ट्या एकावर एक ठेवून जोडीनंच कापतो आम्ही. त्या सारख्या असणारच. मग उरतं काय, तिरकं बसलंय का तेवढं बघायचं."

रात्री ताईच्या फोनवर भाचीला ते जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ पलीकडून नुसता पेन्सिलीचा आवाज. म्हणलं काय लिहायलीस? तर म्हणली, "पट्ट्या जोडीनं कापल्या. म्हणजे संमुख भुजा समान, म्हणजे समांतरभुज. कारण, पक्ष."